ढिगाच्या पोटात काय आहे?

मित्रांनो, मी एक जुना हातगाडा आहे आणि स्वभावाने संशयी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मांजरसुंब्याच्या चौकात, रबडीच्या हॉटेलाच्या भिंतीला टेकून मी उभा असतो. माझ्यासमोर जो थांबतो तो आधी फळाकडे बघतो, मग ते अंगठ्याने दाबतो, मग नाकाशी धरतो, आणि तरीही त्याच्या तोंडावर एकच भाव असतो: हा आपल्याला फसवणार! रोज उठून असे संशय झेलायचे म्हटल्यावर ते लाकडात मुरले नसते तरच नवल.

मला घडवलं नेकनूरच्या मुंजाजी सुतारांनी. लाकूड बाभळीचं, चाकं सायकलची. "पोरीच्या लग्नापर्यंत टिकंल बघ," असं ते माझ्या मालकांना, दस्तगीरभाईंना म्हणाले. पोरगी तेव्हा दुपट्यात होती. दस्तगीरभाई हसून म्हणाले, "लग्नाची घाई न्हाई मामा. आधी शाळा तर होऊ द्या." त्या पोरीचं नाव आफ्रीन. तिची आई जाहेदा माझ्या फळीखाली ओढणीची झोळी बांधायची आणि आफ्रीन त्यात झोपायची. वर मोसंब्या, खाली ती. गाड्यांचे कर्कश भोंगे वाजायचे, पण ती जागी व्हायची नाही. मीच दचकायचो.

तारुण्यात माझं लई कौतुक झालं. दस्तगीरभाईंसारखा मोसंब्यांचा ढीग आख्ख्या चौकात कुणी रचत नसे. टोकावर एक मोसंबी. तिच्या खाली दोन बाय दोन, म्हणजे चार. त्याच्या खाली तीन बाय तीन, म्हणजे नऊ. असं करत करत तळाचा थर आठ बाय आठचा. लांबून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला आधी तो पिवळा ढीग दिसायचा, चौक मागून दिसायचा.

पुढे रस्ता रुंद झाला. गाड्या भरधाव जाऊ लागल्या. माझं एक चाक लचकलं, त्याला काथ्याने बांधलं, ते तसंच राहिलं. यंदा तर मालच कमी आला. बुटका ढीग पाहून कुणी ब्रेक दाबत नाही. तेव्हा एका सकाळी दस्तगीरभाईंनी एक रिकामं लाकडी खोकं माझ्या मधोमध पालथं घातलं आणि त्याच्याभोवती, त्याच्यावर थर रचले. बाहेरून ढीग पहिल्यासारखाच भरदार. फसवायला नव्हे बरं का. फळ ते काट्यावर तोलूनच देतात, ढीग नुसता नजरेला. पण पोटात पोकळी घेऊन उभं राहणं मला काही रुचलं नाही. आफ्रीन तेव्हा कॉलेजला बीडला गेलेली होती. तिला कुणी सांगितलं नाही.

आफ्रीन आता अकरावीला आहे, सायन्सला. दुपारच्या एसटीने उतरते आणि अब्बा नमाजला गेले की माझ्यापाशी उभी राहते. एक दिवस ती आली ती पाय आपटतच.

"अब्बा, मी गणित सोडते. सोमवारी सरांना सांगणार हाय. बायलॉजी ठेवते नुसतं."

"कावून गं बेटा? तुला तर गणित लई आवडायचं."

तिने वही उघडून एक चिन्ह दाखवलं. Σ. त्याला सिग्मा म्हणतात. दस्तगीरभाईंनी मान वाकडी करून पाहिलं. "ह्ये तर माझ्या मोडक्या छत्रीच्या काडीवानी दिसतंय."

"हसू नका अब्बा! सर एक लांबलचक बेरीज लिहितात. एक अधिक चार अधिक नऊ अधिक सोळा... आन मधीच ह्ये चिन्ह काढतात आन सगळी रांग गायब! कुठं गेली म्हणून इचारलं तर म्हणतात, सूत्र पाठ करा. आत काय चाललंय ते दिसतच न्हाई. मग मी भरोसा कावून ठेवू? तुमीच सांगता ना, झाकल्या पाटीतलं फळ घेऊ नये म्हणून."

दस्तगीरभाईंनी माझ्या ढिगाकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. "सोमवार लांब हाय," एवढंच म्हणाले आणि नमाजला निघून गेले. त्यांची नजर कावरीबावरी का झाली ते फक्त मला आणि त्या खोक्याला ठाऊक होतं.

ती एकटी उभी राहिली. पण संशयी माणसाला स्वस्थ बसवत नाही, मित्रांनो. तिने वहीत पाहिलं. सिग्माच्या खाली लिहिलं होतं, आर बरोबर एक. वर लिहिलं होतं, आठ. बाजूला, आरचा वर्ग. तिने वहीतून मान वर केली आणि माझ्या ढिगाकडे टक लावून बघत राहिली.

"आगं बया," ती पुटपुटली. "टोकावरचा थर म्हंजे आर बरोबर एक. एकाचा वर्ग एक. दुसऱ्या थरात दोनाचा वर्ग, चार. तिसऱ्यात नऊ. आन तळाचा आठवा. ह्यो तर आपलाच ढीग हाय!"

मग तिने बाजूच्या पाटीतले पेरू घेऊन माझ्या कोपऱ्यावर तीन थरांचा छोटा ढीग रचला. मोजला, चौदा. वहीतलं सूत्र लावलं: तीन गुणिले चार गुणिले सात, भागिले सहा. चौदा. तिचे डोळे बारीक झाले. आठही थरांची बेरीज तिने बोटांवर केली. दोनशे चार. सूत्र लावलं: आठ गुणिले नऊ गुणिले सतरा, भागिले सहा. पुन्हा दोनशे चार.

"दोघंबी एकच सांगतायत," ती म्हणाली. "आधीच ठरवून आलेत का काय?"

मला त्या पोरीचा अभिमान वाटला. संशय असावा तर असा! पण त्याच वेळी माझ्या फळ्या आवळून आल्या. वहीतला आकडा खरा होता. माझ्या अंगावरचा ढीग तेवढा खरा नव्हता.

तेवढ्यात जीप थांबली. चकलांब्याचे आप्पा उतरले, मागून त्यांच्या मंडळी छबुबाई. केजला पाहुण्यांकडे गेलते, परत निघाले होते. नातवाचा पहिला वाढदिवस म्हणून दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेत प्रत्येक लेकराच्या हातावर एकेक मोसंबी ठेवायची होती.

"शाळेत एकशे नव्वद लेकरं हायती," आप्पा म्हणाले. "ह्यो आख्खा ढीग उचलला तर पुरंल का? किती नग हायती?"

किरकोळ माल काट्यावर, पण आमच्याकडे आख्ख्या ढिगाचा सौदा असाच होतो. घेणारा नग विचारतो, विकणारा आकडा सांगतो. तो आकडा म्हणजे जबान. मग कुणी मोजत नाही. समोरासमोर मोजणं म्हणजे तोंडावर खोटारडं म्हणणं.

आफ्रीनने क्षणभर वहीकडे पाहिलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या छत्रीच्या काडीवर भरोसा टाकला. "दोनशे चार. चौदा उरतील आप्पा."

"न मोजताच?"

"मोजल्यात. सिग्मानं."

"कोण हाय ह्यो सिग्मा? तुझा भाऊ का?" छबुबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ढिगात हात घातला. मित्रांनो, गिऱ्हाइकाला समोरचं फळ कधीच चांगलं वाटत नाही. चांगलं फळ मागे दडवलेलं असतं अशी त्यांची खात्री असते. त्यांनी तळातली एक मोसंबी उपसली. ती नको वाटली. तिच्या मागची उपसली. तिसरीसाठी बोटं आत घातली, आणि आवाज आला.

टक्.

"आता गं बाई! मोसंबीला लाकूड कवापासनं फुटायलंय?"

आप्पांनी वाकून पाहिलं. मग ते सावकाश सरळ झाले. "पोरी, तुझ्या सिग्मानं खोकं बी मोजलंय का?"

आफ्रीनचा चेहरा उतरला. दस्तगीरभाई तेवढ्यात परतले आणि काय झालं ते त्यांना न सांगताच समजलं. "आप्पा, काटा बघा माझा, एक ग्रॅम इकडचा तिकडं न्हाई. खोकं नुसतं देखाव्याला. आख्खा ढीग कुणी मागंल असं ध्यानातबी न्हवतं."

आफ्रीन त्यांच्याकडे वळली. "अब्बा, तुमी मला सांगितलं न्हाई."

"तू कवा इचारलं बेटा?"

मला वाटलं, झालं! सोमवारची वाट बघणं संपलं, गणित इथेच सुटलं. तिने वही मिटली. आप्पा जीपकडे निघाले होते. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने वही पुन्हा उघडली आणि त्या चिन्हाकडे अशी पाहू लागली जसं चोर समजून धरलेल्या माणसाकडे बघावं आणि तो आपलाच शेजारी निघावा.

"आप्पा, थांबा! चिन्ह खोटं न्हाई. त्यानं मला तीन गोष्टी इचारल्या होत्या. कुठून सुरू, कुठवर, आन प्रत्येक थरात काय मिळवायचं. तिसरीचं उत्तर मीच चुकीचं दिलं. थर आतून भरलेला हाय का ते मी बघितलंच न्हाई."

भावफलक लिहायचा खडू घेऊन ती माझ्या बाजूच्या फळीवरच लिहू लागली. अब्बांना म्हणाली, "खोक्यानं किती जागा खाल्ली?"

"खालचे तीन थर. एकेका थरात चार बाय चारची," दस्तगीरभाई खाली मान घालून म्हणाले.

"म्हंजे एकपासून पाचपर्यंत आरचा वर्ग. ते झाले पंचावन्न. आन सहापासून आठपर्यंत आरचा वर्ग, वजा सोळा. वीस, तेहतीस, अठ्ठेचाळीस." खडू करकरला. "एकशे छप्पन्न. लेकरांना चौतीस कमी पडतात. चौतीस पेरू हायत आमच्याकडं. आता तुमी मोजूनच घ्या. माझ्या तोंडावर मोजा."

"मोजणारच हाय," आप्पा म्हणाले आणि बाह्या सारल्या.

छबुबाईंनी उपसलेली एक मोसंबी फळीवर पडली होती, ती आफ्रीनने बाजूला मांडून ठेवली. मग टोकावरची मोसंबी उचलली गेली. आमच्या बाजारात पहिल्या नगाला एक म्हणत नाहीत. दस्तगीरभाई म्हणाले, "बरकत." आप्पा म्हणाले, "लाभ." आणि आफ्रीन म्हणाली, "आर बरोबर एक." तिघांनी एकदमच म्हटलं. छबुबाई खुदकन हसल्या, पण आप्पांच्या कपाळावरची आठी हलली नाही.

थरामागून थर पोत्यात गेले. शेवटी माझ्यावर नुसतं खोकं उरलं. बाजूला ठेवलेली मोसंबी आप्पांनी पोत्यात टाकली आणि ते थांबले.

"एकशे पंचावन्न."

दस्तगीरभाईंनी पोत्याकडे पाहिलं, आप्पांनी दस्तगीरभाईंकडे. माझं लचकं चाक कुरकुरलं. मित्रांनो, मी फळ्या-फळ्यांतून आठवून पाहिलं आणि मलाही वाटलं की पोरगी पुन्हा चुकली.

आफ्रीनने मात्र फळीवरच्या खडूवरून एकदा बोट फिरवलं. खाली सहा, वर आठ, वजा सोळा. मग मान वर केली.

"आप्पा, बेरीज बरोबर हाय. एक मोसंबी कमी न्हाई. ती कुणाकडं तरी हाय."

"म्हंजे मी चोरली का?" आप्पा लाल झाले.

"मी तसं न्हाई म्हणत. पण ती हाय." ती मागे हटली नाही. ज्या पोरीचा सिग्मावर भरोसा नव्हता, ती आता माणसांवर संशय घेत होती, सिग्मावर नाही. आमच्याभोवती रबडीवाले जमा झाले. तिची नजर एकेकावरून फिरत फिरत छबुबाईंवर येऊन थांबली.

"मावशी, तुमी दोन उपसल्या होत्या ना?"

"दोन? एक तर हितंच टाकली... आगं माझे बाई!" छबुबाईंनी खांद्यावरची पिशवी उघडली. नातवाच्या टोपड्याखाली एक मोसंबी गुपचूप बसली होती. "कधी ठेवली मीच! तुमच्या आईची शपथ, ध्यानात न्हाई."

"माझ्या आईला कावून मधी घेती?" आप्पा ओरडले, आणि मग ते इतके हसले की त्यांना पोत्यावर बसावं लागलं. "एकशे छप्पन्न! दस्तगीर, ढीग तुझा पोकळ हाय, पण पोरगी भरीव हाय बघ."

दस्तगीरभाई हसले नाहीत. त्यांनी खोकं उचललं, उलटं-पालटं करून पाहिलं आणि माझ्या चाकाशी जमिनीवर ठेवलं. पेरूही आप्पांच्या पोत्यात गेले. बारक्या वर्गाला पेरूच जास्त आवडतील, असं छबुबाई जाताना म्हणाल्या.

सोमवारी दुपारच्या एसटीतून आफ्रीन उतरली. मी तिच्या हाताकडेच बघत होतो. वही गणिताचीच होती.

आता माझ्यावरचा ढीग पाचच थरांचा असतो. बुटका, पण पोटभर. खोकं माझ्याशेजारी पालथं असतं आणि त्यावर बसून ती बेरजा करते. मला अजून सगळ्यांचा संशय येतो, ते काही जायचं नाही. पण तिच्याकडून एक शिकलो. नुसतं डोळे बारीक करून बघत बसू नये, विचारावं. कुठून सुरू, कुठवर, आणि मध्ये काय.

मित्रांनो, मांजरसुंब्याला थांबलात तर माझं एवढं ऐका. फळं अंगठ्याने दाबू नका, त्यांना दुखतं. माझ्या लचक्या चाकाला टेकू नका. आणि बाजूच्या फळीवर खडूने लिहिलेलं काही दिसलं तर हात लावून पुसू नका. पाऊस पडला की ते धुऊन जातं, आणि दस्तगीरभाई सकाळी पहिली मोसंबी ठेवण्याआधी ढिगाची बेरीज लिहायला खडू कॉलेजला निघालेल्या आफ्रीनच्या हातात देतात.