सव्वा गुंज तांबं

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. बोरीच्या बौद्धवाड्यातली दैवशाला रोज एस.टी.नं तालुक्याच्या कॉलेजात जायची. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती आणि विद्युत अपघटनाच्या प्रयोगाला तिनं अजून हात लावलेला नव्हता. पुढच्या बाकावरची चार पोरं प्रयोग करायची, मागच्या बाकांवरच्यांनी त्यांचे आकडे वहीत उतरवायचे.

"सर, मला करू द्या," ती म्हणाली.

बन्सीधर सर हसले. "तुला कशाला? नियम पाठ कर, काठावर पास हो. नोकरी तुमच्यासाठी राखून ठेवलेलीच हाय की."

वर्ग हसला. दैवशालाच्या कानशिलात जाळ पेटला. घरी येऊन तिनं दप्तर भिरकावलं नि झालं ते सगळं सांगितलं.

बाप आश्रुबा म्हणाला, "काय लागतं त्या प्रयोगाला? बोल."

विहारातल्या, जयंतीला वाजणाऱ्या लाऊडस्पीकरची बॅटरी त्यानं खांद्यावर वाहून आणली. फवारणीतलं उरलेलं मोरचूद, म्हणजे तांब्याचंच मीठ, काचेच्या बरणीत पाण्यात विरघळवलं. दैवशालानं त्यात तांब्याच्या दोन पट्ट्या सोडल्या आणि वीज एकसारखी राहावी म्हणून मधे टॉर्चचा बल्ब जोडला. सिताराम सोनारानं आधी कुरकुर केली, मग पट्टी सोनं गुंजांत तोलायच्या काट्यावर घेतली. अर्ध्या तासात पट्टीवर सव्वा गुंज तांबं चढलं. तासाभरात अडीच गुंज. वीज दुप्पट वेळ वाहिली, तांबं दुप्पट! पाठ केलेला नियम तिनं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला.

वहीतले उसने आकडे तिनं फराफरा खोडले नि आपले लिहिले, काटा नि बॅटरी कुठली तेही.

सरांनी वही फेकली. "सोनाराचा काटा अन् जयंतीची बॅटरी! याच्यावर मी सही करीत न्हाई."

सहीशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं.

"तर मग तुमच्या काट्यावर तुमच्यासमोर करून दाखवते," दैवशाला ओरडली. "चूक निघाली तर वही फाडा. न्हाई निघाली तर सगळ्या वर्गापुढं सही करा!"

सर "बाहेर हो" म्हणाले. ती बाहेर झाली ती थेट प्राचार्यांच्या दारात. आत बोलावेपर्यंत ती तिथून हलली नाही. प्राचार्यांनी वही चाळली, सरांना बोलावून घेतलं आणि काटा मांडायला लावला. अर्ध्या तासानं पट्टी तोलली, तासाभरानं पुन्हा. चढलेलं तांबं अर्ध्या तासाच्या दुप्पट भरलं.

बन्सीधर सरांनी खाली मान घालून सही केली.

"सर," दैवशाला दातओठ खात म्हणाली, "आता मागच्या बाकांवरच्या बाकी बाराजणांना पण करू द्या. मी इथंच थांबते."