शिक्षा दे, प्रभू

"तीन महिने झाले, तेच मागतोय. देवालाही कंटाळा आला असेल," सुनेत्रा डोळे मिटूनच मृदुलाच्या कानाशी पुटपुटली. "आणि हा पंखा फक्त बापूंनाच वारा घालतो."

मृदुलाने डोळे उघडले नाहीत, पण तिचा पाय काही हलायचा थांबेना.

निजामपुऱ्यातल्या त्या छोट्या चर्चमध्ये रविवारी आठला मराठी उपासना आणि दहाला गुजराती. गुजरातीला बसायला जागा मिळत नाही. मराठीला आज नऊ माणसं, त्यात एक मृदुलाची लेक शर्वरी, तीही आईचा गुडघा दुखतो म्हणून स्कूटरवरून सोडायला आलेली. तीन महिन्यांपूर्वी पाळकसाहेबांनी पत्र दिलं होतं: दोन्ही उपासना एकत्र करू या का? विचार करून कळवा. तेव्हापासून विचार बाजूला राहिला आणि प्रार्थनाच चालू होती. कुणी तोंड उघडायचा अवकाश, बापू हात वर करत, "आधी प्रभूकडे शहाणपण मागू." बापू रेल्वेतून निवृत्त झालेले, मंडळीतले वडीलधारे. त्यांच्यापुढे कोण बोलणार?

आज मात्र उत्तर द्यायचंच होतं. मंडळीची सेक्रेटरी म्हणून पत्र मृदुलाने लिहायचं. कागद मांडीवर होता, कोराच.

ही उपासना तिच्या बाबांनी, जनार्दनांनी सुरू केलेली. नाशिक-नगरकडून इथे गुजरातेत रेल्वेच्या नोकरीला आलेली माणसं गोळा करून, कुणाच्या तरी क्वार्टरमध्ये सतरंजी घालून. बाबा गेले त्या आठवड्यात म्हणाले होते, "तेवढं सांभाळ हं." आता हा कागद तिनेच लिहायचा? रोज पहाटे ती शहाणपण मागत होती खरी. पण 'एकत्र नको' हे उत्तर तिच्या मनात आधीपासून तयार होतं, देवाची त्यावर फक्त सही हवी होती. आणि देव काही सही करीना. रात्री झोप नाही, सकाळी आमटीत दोनदा मीठ.

उपदेश संपून आता साखळी प्रार्थना चालू होती. एकामागून एक, बसल्या जागेवरून. सगळ्यांनी शहाणपण मागितलं. कुणी "तुझी इच्छा होवो" म्हणालं आणि लगेच "पण ही मराठी वेदी राख" असंही जोडलं. मग साखळी शर्वरीपाशी येऊन अडकली.

"मी पण?" तिने आईला कोपराने ढोसलं.

"दोन वाक्यं म्हण."

शर्वरीने घसा साफ केला. घरात मराठी, कॉलेजात गुजराती, तरुणांच्या सभेत हिंदी. प्रार्थना करायची म्हटल्यावर तिन्ही एकदम तोंडात आल्या.

"प्रभू येशू, तुझा धन्यवाद. हे सगळे अंकल-आंटी खूप टेन्शनमध्ये आहेत. यांना शिक्षा दे. भरपूर शिक्षा दे, प्रभू. कुणालाच कमी पडू देऊ नकोस."

"आमेन!" सगळे म्हणाले. बापू सर्वांत मोठ्याने.

मग सुनेत्राचा पदर तोंडात गेला. तिचे खांदे हलायला लागले.

"काय झालं?" शर्वरीने डोळे उघडले. "काही चुकलं?"

"शिक्षा म्हणजे सजा गं," मृदुला म्हणाली.

"हाय हाय! शिक्षा म्हणजे ज्ञान ना?"

"हिंदीत. शिकवण. मराठीत सजा."

शर्वरी लाल झाली. मग जरा वेळाने तिने एकेकाकडे बघितलं. "पण मग तुम्ही सगळे आमेन का म्हणालात?"

सुनेत्राचंही हसू गेलं.

"सवयीनं, दीकरा," बापू शेवटी म्हणाले. त्यांनी घड्याळ बघितलं. "चला, पाळकसाहेब दहाच्या उपासनेला येतीलच. मृदुला, लिही. आणखी एक महिना प्रार्थनेत ठेवतो म्हणावं."

मृदुलाने पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. महिना लिहिणं किती सोपं होतं. एक ओळ, खाली सही.

"शर्वरी, आजचा उपदेश कळला तुला?"

"छान होता."

"कळला का?"

पोरगी ओढणीशी चाळा करत राहिली. "गाणी कळली, आई. बाकी... मोठे मोठे शब्द होते. मी फोन बघत होते. सॉरी."

"अगं, येत राहिलीस की कळेल," बापू घाईने म्हणाले. "मृदुला, लिही ना."

मृदुलाचा पाय थांबला होता. तिलाच ते जरा उशिरा लक्षात आलं.

"महिना नको, बापू," ती म्हणाली. आवाज कापत होता, तिने कापू दिला. "बाबांनी ही उपासना कुणासाठी काढली? ज्यांना गुजराती येत नव्हतं, उपदेश कळत नव्हता, त्यांच्यासाठी. आज इथे गुजराती न येणारं कोण आहे? तुम्ही? तुम्ही तर भांडतासुद्धा गुजरातीत. इथे बसून उपदेश न कळणारी एकच आहे, ती माझी मुलगी. आणि तुमची नातवंडं, जी येतच नाहीत. देवाने तीन महिन्यांपूर्वीच त्या पत्रातून सांगितलंय, बापू. आपल्याला ते ऐकायचं नव्हतं, म्हणून आपण विचारत राहिलो."