रेती भरलेला फ्यूज

फ्यूज उडाला की तांब्याची तार बांधायची अन् गिरणी चालू करायची. कारण विचारायचं नाही. मुर्री गावच्या या राइस मिलमध्ये आचलला लहानपणापासून हेच ऐकवलं गेलं. मी इथलाच फ्यूज बोलतोय. आज उडालो, आणि माझा राग अजून निवलेला नाही.

चिनीमातीचं अंग, आत चांदीची पातळ पट्टी, भोवती गच्च भरलेली रेती, असा मी आहे. आचल शाळेत असताना तिच्या बाबांनी, गिरणीमालक भैयाजींनी, माझ्यासारखाच एक उडालेला फ्यूज हातोडीने फोडला होता. "पाह्य रे रामलाल, रेती भरून इकून राहिले," ते मिस्त्रीला म्हणाले. तांदळात कणी मिसळणाऱ्याला सगळीकडे भेसळच दिसते. तेव्हापासून तार. इंजिनिअर होऊन आलेल्या आचलने भांडून मला बसवलं.

यांना माझं काम कधी कळलंच नाही. मोटार सुरू होताना पाच-सहापट करंट ओढते. तेवढे काही सेकंद मी सोसतो. पट्टा अडकून दुप्पट करंट वाहत राहिला, तर मिनिटं मोजत तापतो आणि मग वितळतो. शॉर्ट झाला तर मात्र सेकंदाचा शंभरावा भागही थांबत नाही. करंट पुरता चढायच्या आत त्याला तोडतो.

आज दुपारी कोंड्याखालची, उंदरांनी कुरतडलेली केबल शॉर्ट झाली. माझी पट्टी तुटली, आतली आग रेतीने गिळली, रेतीची काच झाली. केबलजवळ कोंडा भरणाऱ्या मंदाबाईला फक्त गिरणी थांबलेली कळली.

"तार बांध," भैयाजी रामलालला म्हणाले.

आचलने मला उपसून मुठीत घेतलं आणि पॅनलसमोर उभी राहिली. "आधी केबल पाहू."

"पंधरा वर्सं झाली तार बांधून राहिलो, पोरी," रामलाल हसला. "तू चार वर्सं शिकली."

"कायले डोकं खाऊन राहिली?" भैयाजी करवादले. "रेतीच्या डबीसाठी धान अडवते का? हट बाजूला."

"तार वितळणार नाही, बाबा. केबल पेटेल. मंदाबाई तिथंच बसते."

"तिले का होते? रोजच बसते."

"मग मी तिला उठवते. तिच्या जागी तुम्ही दोघं बसा, अन् मग सांगा तार बांधायला. तोवर या पॅनलला कोणी हात लावायचा नाही."

रामलालने तारेचं भेंडोळं पाठीमागे नेलं. भैयाजींनी कोंड्याच्या ढिगाकडे पाहिलं. दोघांपैकी कोणीही जागचं हललं नाही.