दोरीचा झोळ

मित्रांनो, मी एक जुना खुंट आहे. खैराच्या लाकडाचा, हातभर लांब. सध्या शाळेच्या काचेच्या कपाटात उभा आहे. शेजारी माझा जोडीदार आहे. आम्ही दोघे पूर्वी एकच मुसळ होतो. विमला नावाची बाई त्याने भात कांडायची. ती गेली. तिचा नवरा केरू याने मुसळ वर्षभर कोपऱ्यात तसेच ठेवले. मग एके दिवशी करवत घेऊन मधोमध कापले.

वाडीच्या वरच्या डोंगराला भेग पडली होती. केरूने मला भेगेच्या एका अंगाला ठोकले, जोडीदाराला दुसऱ्या अंगाला. मध्ये मासेमारीची दोरी बांधली, वीतभर सैल.

"भेग रुंदावली की दोरी ताणली जाईल," तो लोकांना म्हणाला. "झोळ संपला की घरं सोडायची. भांडीसुद्धा घ्यायची नाहीत."

खाली नऊ घरे आहेत.

वाडीतली तेजस्वी आणि तिच्या वर्गातला तहा शाळेआधी वर येत, झोळ मोजत आणि वहीत लिहीत. तीन पावसाळे त्यांनी खंड पडू दिला नाही. झोळ कमी होत होत चार बोटांवर आला.

तेवढ्यात रत्नागिरीत आंतरराष्ट्रीय नेतृत्व परिषद भरली. तेरा देशांतले विद्यार्थी तिथे आपापली सत्रे घेणार होते. या दोघांचेही सत्र ठरले. सर म्हणाले, "फोटो सगळेच दाखवतात. खरी वस्तू आणा."

केरू आडवा आला. "नको गो तेजू. एकदा उपटलंस की मागचं सगळं पुसलं."

"आजा, नवीन लोखंडी लावतो ना, रंगवलेले," तहा म्हणाला. "तुमचं मुसळ फॉरेनच्यांना भेटून येईल!"

केरू हसला नाही.

पोरांनी नवे खुंट ठोकले. नवी दोरी बांधली. केरूने पूर्वी बांधली होती तशीच, वीतभर सैल.

परिषदेत आम्हाला पांढऱ्या कापडावर ठेवले होते. तेजस्वी छान बोलली. टाळ्या झाल्या. मलाही बरे वाटले, खोटे कशाला बोलू? मग केनियाची एक मुलगी उठली. तिने विचारले, "हे खुंट उपटलेत तेव्हा दोरी किती सैल होती? आणि नवी किती सैल बांधलीत?"

"चार बोटं," तेजस्वी म्हणाली आणि तहाकडे वळली.

तहा तिच्या कानाशी पुटपुटला, "गो, आपण वीतभर सोडली."

सरांनी वेळ संपल्याचे सांगितले. पुन्हा टाळ्या झाल्या. सत्राला बक्षीसही मिळाले.

गावी आल्यावर दोघांनी चूक सांगितली: नवी दोरी चारच बोटे सैल हवी होती. लोक वर जाऊन बघून आले. "झोळ आहे की वीतभर! इतका तर तीन वर्षांत नव्हता," म्हणाले. तेजस्वीचे वडील रावजी म्हणाले, "बक्षीस मिळालं ना? मग आता दोरीला हात लावू नको, लोकांना भिववत बसू नको." बक्षिसाची ढाल कपाटात आली. तिच्या दोन्ही बाजूंना आम्ही.

आता चार दिवस पाऊस थांबलेला नाही. काल तेजस्वीने वर जाऊन मोजले. नव्या दोरीचा झोळ तीन बोटांनी कमी झाला आहे. लोकांना अजून खूप उरलेला दिसतो. जुन्या चार बोटांतली तीन गेली, एकच उरले, हे तिला कळते, तहाला कळते, आम्हाला कळते.

आज सकाळी केरू घर सोडून, शेळी घेऊन शाळेच्या पडवीत आला; शाळा भेगेच्या वाटेत येत नाही. मागून तेजस्वी आली, चिखलाने भरलेली. केरू म्हणाला, "इथेच बस. खाली जाऊ नको."

"आजा, बाबांना घेऊन येते," ती म्हणाली. "एकटी बसून काय करू?" आणि गेली. केरूने दोनदा हाक मारली.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटात एखादी वस्तू मानाने ठेवलेली असेल, तर विचारा, ती कुठून उपटून आणली? तिचे काम आता कोण करते? आमचा मान करू नका. आम्हाला आमच्या जागी राहू द्या. आणि कोणी चूक कबूल करायला आले, तर त्याला बक्षिसाची आठवण करून देऊन गप्प करू नका.

या खिडकीतून वाडीचा रस्ता दिसतो. अजून कोणी आलेले नाही.