प्रेमिलाची निळी काच

मी एक जुनी किरणपेटी आहे, मित्रांनो. माझ्या दोन काचा तडकल्या आहेत, आतला पत्रा गंजला आहे. पण लाज वाटावी असं मी काही केलेलं नाही.

१९७१ साली कवडू सुतारानं काटोलच्या संत्र्यांच्या खोक्याच्या फळ्यांना रंधा मारून मला घडवलं. आत शंभर वॅटचा दिवा, पुढे सरकवायच्या तीन काचा: लाल, हिरवी, निळी. मला बनवून घेतलं नंदनवन नावाच्या वस्तीतल्या रंभाबाईंनी. जन्मभर नर्स म्हणून राबल्यावर त्या आपल्या पडवीत माती, पाणी आणि उजेडाचे उपचार करायच्या. शहाणे लोक मला भोंदू म्हणत, भाबडे मला हात जोडत. मला दोघांचाही राग यायचा. ताप किंवा कावीळ घेऊन कुणी आलं, तर रंभाबाई त्याला सरळ डॉक्टरकडे पाठवत.

एकदा वाडी नावाच्या गावातल्या गोदामाचा कारकून बळीराम आपल्या बायकोला, प्रेमिलाला, घेऊन आला. तिचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं आणि चार महिने ती एक शब्द बोलली नव्हती. रंभाबाईंनी तिला आधी डॉक्टरांना दाखवलं. शरीरात दोष नाही, मनाला वेळ द्या, असं ते म्हणाले. मग ती रोज सकाळी अर्धा तास माझ्यासमोर बसू लागली.

कोणती काच लावायची, हे रंभाबाई तिलाच विचारत. घरी तिला कुणी काही विचारतच नव्हतं. ती निळीकडे बोट दाखवायची. रंभाबाई शेजारी बसून भाजी निवडत. एका सकाळी प्रेमिलानं न सांगता त्यांच्या सुपातली मेथी आपल्या पुढ्यात ओढली. त्या दिवशी रंभाबाईंचे डोळे भरून आलेले मी पाहिले.

तिसऱ्या आठवड्यात तिचा चुलतसासरा धोंडबा आला. पोरीला बाधा झाली आहे, भगत उद्या तापल्या लोखंडाचे डाग देणार आहे, तिला आत्ता न्यायचं, असं त्यानं सांगितलं. त्यानं माझी वायर उपटली आणि प्रेमिलाचा हात धरला. बळीराम खाली मान घालून उभा होता.

रंभाबाई आडव्या आल्या. "तिले विचार गा आधी," त्या म्हणाल्या.

प्रेमिलानं हात सोडवून घेतला. आवाज घोगरा झाला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"मले नाही यायचं. माझं लेकरू गेलं. भूत नाही लागलं मले."

मग तिनंच वायर उचलली आणि पुन्हा लावली. निळ्या उजेडात ती हमसून रडली. तेव्हा कुठे बळीरामनं मान वर केली आणि काकाला जायला सांगितलं.

पूर्ण सावरायला तिला वर्ष लागलं. रंभाबाई गेल्यावर तिनं मला वाडीला आपल्या खोलीत आणलं. आता नवे लोक मला डबडं म्हणून हसतात.

हसू द्या. मित्रांनो, मला देव्हाऱ्यात बसवू नका आणि भंगारातही घालू नका. तिला मी बरं केलं की शेजारी बसलेल्या बाईनं, मला ठाऊक नाही. पण एवढं ठणकावून सांगते: गप्प झालेल्या माणसाला ओढून नेऊ नका. त्याला काय हवं ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.