डाव्या हाताचे बारीक ठोके

स्नेअरवर, म्हणजे ड्रमसेटमधल्या पुढ्यातल्या छोट्या ड्रमवर, लावलेल्या माइकमध्ये स्नेअर कमी आणि वरचे पितळी थाळ्यांसारखे सिंबलच जास्त येत होते. नुसतं च्छस च्छस. मागच्या सोफ्यावर बसलेला संगीतकार तिसऱ्यांदा म्हणाला, "हे असं नाही चालायचं हं. चारपर्यंत बघू, नाहीतर ड्रम कॉम्प्युटरवर करून टाकतो." बोलायला काय जातंय याचं. सोफ्यावर बसून मीही पुष्कळ बोलले असते.

काचेपलीकडे ड्रमवर माझे बाबा होते, अलीकडे रेकॉर्डिंगला मी. मागच्या वर्षी झटका आला आणि त्यांची डावी बाजू लुळी पडली. चालणं दोन महिन्यांत परत आलं, हात मात्र हटून बसला. दहा महिने त्यांनी रबरी चेंडू दाबला, उशीवर काठ्या वाजवल्या, आईचं डोकं उठवलं. आजारपणानंतरचं हे पहिलंच रेकॉर्डिंग. सकाळी बूट घालताना ते आईला म्हणाले, "आज नाही जमलं तर सेट विकून टाकायचा. घरात अडगळ नको."

काय काय केलं नाही मी. माइक खाली घेतला, त्याची पाठ सिंबलकडे केली, सिंबल वीतभर वर चढवले, मध्ये फोमचा तुकडा उभा केला. शेवटी आत जाऊन म्हटलं, "बाबा, सिंबल जरा हळू."

"हळूच मारतोय."

"अजून हळू."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप बाहेर आले. खरं कारण मला कळत होतं. सिंबलवरचा उजवा हात पूर्वीसारखाच दणकट, स्नेअरवरचा डावा दुबळा. दुबळ्या हाताची स्नेअर ऐकू यावी म्हणून त्या माइकचा आवाज वाढवला की सिंबल आपसूक वाढणार. पण हे त्यांना सांगणार कोण?

मग मी गेट लावलं. म्हणजे माइकला एक दार बसवायचं. मोठा ठोका आला की ते उघडतं, बाकी वेळ बंद, आणि सिंबल बाहेरच राहतात. एका क्षणात सगळं लख्ख झालं. "आता कसं," संगीतकार म्हणाला. मी बाबांना ऐकायला बोलावलं. शहाणपणा अंगात आला होता ना माझ्या.

बाबा उभ्यानेच ऐकू लागले. अर्ध्या मिनिटात त्यांचा चेहरा उतरला.

"मधले कुठे आहेत?"

"कुठले?"

"डाव्याचे. बारीक ठोके."

मोठा ठोका खांद्याच्या जोरावरही पडतो. मधले बारीक ठोके मात्र बोटांतूनच यावे लागतात, आणि दहा महिन्यांची सगळी मेहनत त्या बोटांचीच होती. सिंबलबरोबर मी नेमके तेच बाहेर ठेवले होते.

बाबा आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. "मला वाटलं, वाजतायत," ते म्हणाले. "हाताला जाणवत होतं तसं. म्हणजे हातच खोटं सांगतोय."

"नाही हो बाबा, मी कापलेत. थांबा." घाईघाईने मी गेट काढलं. सिंबलचा गोंगाट परत आला आणि त्यात, कान देऊन ऐकलं तर, ते ठोके होते. बाबांनी ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली.

"तू आत्ता कॉम्प्युटरवरून घातलेस ना हे? मला बरं वाटावं म्हणून?"

शपथा घेऊनही त्यांना पटेना. त्यात त्यांचा काय दोष? दहा महिने मी तेच करत आले होते. छान जमतंय बाबा, कालच्यापेक्षा बरंय बाबा. जमत नव्हतं तेव्हासुद्धा. बाबा काठ्या पिशवीत भरायला लागले.

मी आत गेले आणि सिंबल काढायला सुरुवात केली. एकूण एक.

"काय चाललंय? चार वाजायला आलेत," संगीतकार दारात येऊन म्हणाला.

"ड्रम आधी घेऊ. सिंबल नंतर वेगळे वाजवून घेऊ."

हे सकाळीच सुचायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला आता त्याच्या गाण्याचं काही पडलेलं नव्हतं. मी माइक बंद केले, बाबांना हाताला धरून आत आणलं आणि स्टुलावर बसवलं. "उजव्याने मांडीवर वाजवा, डाव्याने स्नेअरवर. माइक बंद आहे. यात मी काही घालू शकत नाही."

बाबांनी सुरुवात केली. मोठा ठोका, मग बारीक. कुठे स्वच्छ, कुठे नुसताच स्पर्श. थोड्या वेळाने बाबा थांबले.

"चारातला एक लागत नाहीये," ते म्हणाले.

माझ्या जिभेवर नेहमीचं आलं होतं. ते गिळलं. "हो," मी म्हटलं, "शेवटचा. दर वेळी चुकतोय."

बाबांनी डाव्या हाताची बोटं एकदा उघडमीट केली.

"म्हणजे बाकीचे तीन खरंच लागतायत," ते म्हणाले, आणि काठ्या नीट धरल्या. "माइक चालू कर."