डावीकडे जिवंत

आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेसाठी नावं द्यायची पद्धत जुनी. कागद मधोमध दुमडायचा, डावीकडे जिवंतांची नावं लिहायची, उजवीकडे गेलेल्यांची. फादर ती वेदीपुढे वाचायचे आणि आम्ही दोघे गायक एकेक नाव उचलून गायचो. मृताला शांती, जिवंताला दीर्घायुष्य. गाव्रिल आणि मी, चाळीस वर्षं एकाच पोथीवर. मला गायला त्यानंच शिकवलं. तो गाऊन निरूपण करू लागला की धनगर टोप्या काढून दारातच थबकायचे. देव माझ्याशी कधी बोलला असेल तर त्याच्याच गळ्यातून.

मग कागद गेले आणि दाराशी स्क्रीन आली. गावात कोण गेलं ते आधी चर्चला कळतं, म्हणून तिथलं नाव वेदीपुढे वाचताच थेट जिल्ह्याच्या नोंदीत जाई. त्या नोंदीवर दवाखाना, पेन्शन, घराचं कुलूप, सगळं चाले. मीही टाळ्या वाजवल्या होत्या. तीन हिवाळे झाले, ती एकदाही चुकली नाही, असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो.

गाव्रिलची फुफ्फुसं थकली तेव्हा त्याला चाकाची खुर्ची मिळाली, आणि खुर्चीला श्वासाचं यंत्र. तेही नोंदीवरच चाले.

त्या आठवड्यात स्क्रीनमध्ये काही सुधारणा झाली आणि दोन बाजूंची अदलाबदल झाली. गाव्रिलच्या बायकोला, साफ्तावहिनींना, धड दिसत नाही. रविवारी सकाळी त्यांनी हाताच्या सवयीनं डावीकडे नवऱ्याचं नाव घातलं, आणि उजवीकडे स्वतःच्या आईचं, अंगेलिनाचं. आईला जाऊन तीस वर्षं झालेली.

फादर इलारियेंनी हातातल्या टॅबलेटवरून वाचलं, "मृतांसाठी. गाव्रिल."

माझा आ वासलेला. गाव्रिल माझ्यापासून चार हातांवर बसलेला.

"अरे नेकु," मास्कमधून तो माझ्याकडे बघून हसला, "घाई काय आहे? माझ्या श्राद्धाचा गहू तरी शिजू दे!"

सगळे खदखदून हसले. तेवढ्यात यंत्र गोड आवाजात म्हणालं, "वापरकर्ता मृत. पुरवठा बंद."

"अहो, चुकलं माझं!" साफ्तावहिनी ओरडल्या. "फादर, बदला ना! नेहमीसारखं डावीकडेच घातलं हो मी!"

"बदलतो, बदलतो." फादर टॅबलेटवर बोट दाबत राहिले. "हे बघा, घेतलं त्यानं. दुरुस्ती प्रतीक्षेत... क्रमांक एकशे बारा."

"म्हणजे कधी?"

"दुपारपर्यंत, म्हणतंय."

तिसऱ्या रांगेत नर्स वेरोनिका होती. वहिनींनी तिचा दंड धरला. "पोरी, तुझ्या गाडीत सिलिंडर आहे ना?"

"आहे हो काकू. पण झडप आधी नाव विचारते. काकांचं नाव आता घेणार नाही ती."

"मग माझं घाल!"

"तुमची फुफ्फुसं चांगली आहेत. तिला कळतं ते."

"हातानं उघड गं बाई!"

वेरोनिकानं स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. "हातानं आम्हाला शिकवलंच नाही, काकू."

दुमित्रू लोहार उठला. "थांबा, फोडतोच हे डबडं."

"दुमित्रू," फादर हलकेच म्हणाले, "नोंदीला जोडलेलं कुठलंही यंत्र फुटलं की गावाची नोंद महिनाभर गोठते. तुझ्या नातीचं इन्सुलिन कशावर येतं?"

दुमित्रू खाली बसला.

मागून एका बाईनं विचारलं, "गेले का हो?" विचारताना ती बघत होती स्क्रीनकडे.

"गेले, असं दिसतंय तिथे."

"पण हात हलतोय की त्यांचा."

"हलतो कधीकधी, मेल्यावरही."

गाव्रिलचे ओठ निळे पडत होते. माझ्यापुढच्या छोट्या स्क्रीनवर शांतिगीताची ओळ लाल लुकलुकत होती. ती गायल्याशिवाय पुढचं नाव येत नाही.

"गा बाबा, नेकुलाय," फादर माझ्याकडे न बघता म्हणाले. "बाकीच्यांचंही अडलंय."

आणि मी गायलो. देवा, मी गायलो. जिवंत माणसासमोर उभं राहून त्याच्या आत्म्याला शांती मागितली. दुसऱ्या ओळीला माझा स्वर उतरला. गाव्रिलनं खुर्चीच्या दांडीवरून एक बोट उचललं, चाळीस वर्षं उचलायचा तसंच. वर घे रे, वर. मी वर घेतला. त्याचं बोट तसंच राहिलं, मग हळूच दांडीवर टेकलं.

ओळ हिरवी झाली. फादरांनी पुढचं वाचलं, "जिवंतांसाठी. अंगेलिना."

यंत्र जागं झालं. "घरातील नवीन नोंद. अंगेलिना, वय एकशे चार. श्वासाची मदत मंजूर."

मास्कमध्ये हवा भरली. गाव्रिलची छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. पांढऱ्या मिशा भुरभुरू लागल्या. साफ्तावहिनींनी त्याचा हात गालाला लावला आणि लगेच सोडला; तो तसाच खाली लोंबला. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते मी इथे लिहीत नाही.

"आता जिवंत का हो?" मागच्या बाईनं विचारलं.

सगळ्या माना स्क्रीनकडे वळल्या.

माझ्यापुढे नवी ओळ लुकलुकत होती. अंगेलिनाला दीर्घायुष्य. फादर थांबले होते, गाव थांबलं होतं. मी स्वर लावला, आणि या खेपेला तो जराही उतरला नाही.